आठव्या खोलीची पाटी

सात पाट्या रंगवून जिन्याखाली वाळत ठेवल्या होत्या आणि आठवी अजून कोरी होती. पेंटर बाकावर बसून चहा भुरकत होता आणि तिसऱ्यांदा तेच सांगत होता. "अक्का, उजेड आहे तोवर नाव सांगा. उद्या मी दुसऱ्या कामावर जाणार. मग आठव्या दारावर भोपळा काढा हवं तर."

"सांगते म्हटलं ना," अक्का म्हणाली.

म्हटलं खरं, पण सांगणार काय, कपाळ! चार महिने हॉटेल बंद ठेवून फरशा बदलल्या, नळ बदलले, जिन्याचा कठडा बदलला. उद्या सोमवारी सकाळी दार उघडायचं, आणि नेमकं आजच आईने दादाला बोलावून घेतलं होतं. अक्काला न विचारता. अकरा वर्षांत दादा एकदाच आला होता, गेल्या वर्षी बाबा गेले त्या दिवशी, आणि तेव्हाही उतरला होता बस स्टँडसमोरच्या लॉजवर. आज मात्र बॅग घेऊन थेट मधल्या हॉलमध्ये येऊन बसला होता. नोकरी संपली, बायको गेली, मुलगी परदेशी. आई म्हणाली, "आता कुठे जाईल? घरी येईल." घरी म्हणजे कुठे? मागच्या दोन खोल्यांपैकी एकीत आई आणि अक्का, दुसरीत धाकटा आणि त्याची बायको. पुढच्या सात खोल्या पाहुण्यांच्या. उरली आठवी, आणि आठवीला अकरा वर्षं कुलूप होतं.

ते कुलूप बाबांनी घातलं होतं, आणि दादामुळेच घातलं होतं.

या भागात माणसाला गाव विचारत नाहीत, पाणी विचारतात. "कुठलं पाणी?" म्हटलं की समोरचा आपली नदी सांगतो, आणि मग त्याच्याबद्दल आणखी काही विचारावं लागत नाही. तांबडीकडचे तापट. वाकडीकडचे सरळ उत्तर देतील तर शपथ. खळखळीकडच्या बायका रस्त्याच्या या टोकाला बोलल्या की त्या टोकाला ऐकू येतं. उशिरीकडच्या माणसाला लग्नाचं बोलावणं एक दिवस अलीकडचं द्यावं लागतं. म्हणून बाबांनी हॉटेल बांधलं तेव्हा खोल्यांना नंबर दिलेच नाहीत, नद्यांची नावं दिली. पांढरी, तांबडी, वाकडी, जुळी, खळखळी, उशिरी, सासुरवाशीण आणि मुकी. त्यातली सासुरवाशीण गावाच्या वेशीपर्यंत येते, वळसा घेते आणि आलेल्या वाटेकडे तोंड करून परत जाते, म्हणून ती सासुरवाशीण. प्रत्येक किल्लीला त्या त्या नदीतला दगड, प्रत्येक खोलीत एक वही, आणि बाबांचा नियम एकच: खोली द्यायची तर नदी दाखवायची. किल्ली हातात ठेवताना रस्ता सांगायचा, पाहुण्याने नदी पाहून यायची आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. अक्काला सगळे रस्ते तोंडपाठ होते. वह्या ती दर रविवारी वाचायची. सोमवारी सकाळी चहा घेताना बाबा विचारायचे, "काल वह्या वाचल्यास? काही विशेष?" ती म्हणायची, "काही नाही. जुळीच्या खिडकीची कडी लागत नाही." अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत विचारत होते.

मुकी वाळूवरून वाहायची, आवाज न करता. अकरा वर्षांपूर्वी डोंगर पोखरून तिचं पाणी जुन्या गिरणीमागच्या कालव्यात आणलं आणि तिथून लांबच्या कोरड्या गावांकडे पाठवलं. नदीच्या जागी राहिली नुसती वाळू. बोगद्याच्या नकाशावर सही होती पाणीखात्याच्या इंजिनिअरची, म्हणजे दादाची. बाबांना ते वर्तमानपत्रातून कळलं. त्यांनी पेपरची घडी केली, वर गेले, आठव्या खोलीला कुलूप घातलं आणि म्हणाले, "दाखवायला नदी नाही, द्यायला खोली नाही." त्यानंतर दादाचं नाव त्यांनी घेतलं नाही. अक्का तर त्याचा उल्लेख 'इंजिनिअर साहेब' असा करायची, तोही दात आवळून.

आता आईचं म्हणणं असं की पाटीवर दुसरं काहीतरी लिहा. दुसरं नाव, दुसरी खोली, नियमाचा प्रश्नच मिटला. थोरला तिथे राहील. अक्काच्या पायाखालची जमीनच सरकली होती ते ऐकून. ज्याने नदी पुसली, त्याला झोपायला जागा हवी म्हणून आता तिचं नावही पुसायचं?

"लिहा पेंटर," ती शेवटी म्हणाली. "मुकी लिहा. आणि दाराला कुलूप राहील."

"लिहितो. पण कुलूप कशाला? खोली तर झक्क आहे."

"काय म्हणालात?"

"मघाशी स्क्रूची भोकं पाडायला वर गेलो होतो. किल्ली दारालाच होती. आत चादर ताठ घातलेली, खिडकी उघडी, बोट फिरवलं तर धूळ नाही. अकरा वर्षं बंद म्हणता! माझ्या घरी रोज झाडूनही एवढी टापटीप नसते." त्याने खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली. "ही घ्या. उगाच हरवायची."

किल्ली नवी होती. पण दगड? चपटा, पांढरा, मधून बारीक लाल रेघ गेलेला. अक्काने तो झोपेतही ओळखला असता. मुकीची जुनी किल्ली बाबांच्या टेबलाच्या खणात असायची. बाबा गेले त्या दिवशी तिने खण उघडला तेव्हा किल्ली होती, दोरा कापलेला होता आणि दगड नव्हता. त्या दिवशी बाबांच्या खोलीत घराबाहेरचा एकच माणूस जाऊन आला होता. अक्काने तेव्हाच आईला सांगितलं होतं, "नदी नेली ती नेली, दगडही सोडला नाही त्याने."

ती किल्ली मुठीत धरून हॉलकडे निघाली. पेंटर मागून म्हणाला, "अहो, पण मुकी नक्की ना?"

*

दादा खुर्चीच्या टोकावर बसला होता. लहानपणी या हॉलमध्ये तो टेबलांखालून रांगला होता, आणि आता पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. समोर आई नव्या उशांचे अभ्रे घड्या घालत होती. प्रत्येक घडी कोपऱ्याला कोपरा लावून.

"गुडघे कसे आहेत?" आईने विचारलं.

"बरे आहेत."

"खोटं बोलू नकोस. दारातल्या पायऱ्या चढताना कठडा धरलास."

"आई, अक्का नको म्हणत असेल तर मी लॉजवर जातो. खरंच. मला काही वाटणार नाही."

"तुला वाटणार नाही, मला वाटेल ना! चौऱ्याऐंशी वर्षांची झाले मी. तीन पोरं एका छपराखाली बघायला मला अजून किती थांबायला सांगता?"

तेवढ्यात दार आपटलं. अक्काने किल्ली टेबलावर फेकली. दगड काचेवर खणकन वाजला.

"इंजिनिअर साहेब, हे काय आहे?"

दादाने दगडाकडे पाहिलं आणि त्याचा हात आपोआप पुढे गेला. "मुकीचा दगड."

"ओळखता म्हणजे! खणातून काढताना नीट पाहिला असेल. बाप अजून घरातून हलला नव्हता, आणि तुम्ही खण उचकत होतात."

"अक्का, मी खणाला हात लावला नाही."

"मग पाय फुटले दगडाला? वर किल्लीही करून आणलीत! खोली उघडली, चादर घातली, आता पाटी तेवढी राहिली. ती काय लिहायची? 'साहेबांचा बंगला'?"

"मी दोन तासांपूर्वी आलोय. आईसमोरून उठलेलो नाही."

"नाही उठला तो," आई म्हणाली. "चहासुद्धा मीच उठून आणला."

"तू गप्प बस, आई. तुझं लेकरू म्हणजे धुतल्या तांदळाचं."

दादाला राग आवरायची सवय होती. तीस वर्षं त्याने सरकारी टेबलांसमोर तेच केलं होतं. पण चोर म्हणवून घ्यायची सवय नव्हती. "मी सही केली, हे मी कधी नाकारलं नाही," तो म्हणाला. आवाज चढत होता, ते त्याला कळत होतं. "चाळीस गावं आहेत तिकडे. बायका पहाटे तीनला उठून पाण्याला जायच्या. तू पाहिलंयस कधी ते?"

"आणि इकडे? मुकीकाठची माणसं नव्हती? धाकट्याची सासुरवाडी नव्हती? कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांची सगळी आळी उठली. आता त्यांना लोक 'कुठलं पाणी' विचारत नाहीत. हसतात आणि म्हणतात, 'तुम्ही कोरडे.'"

"ते मला माहीत आहे."

"माहीत असून केलंत, हेच तर! आणि बापाला सांगायची हिंमत झाली नाही. पेपरात वाचलं त्यांनी. पेपरात!"

सहीच्या आदल्या दिवशी दादा फोनपाशी दोनदा गेला होता आणि दोनदा परत आला होता, एवढंच काय ते खरं होतं. तो म्हणाला, "पाणी कुठे गेलं नाही, अक्का. गिरणीमागे जाऊन बघ. तेच पाणी आहे."

"कालव्याला नदी म्हणायचं? मग बाथरूमच्या नळालाही म्हणा! वाट असते म्हणून नदी असते. वाट मोडली की राहिलं ते नुसतं पाणी." ती पेंटरच्या दिशेने वळून ओरडली, "पेंटर, लिहा! मुकी लिहा!" आणि मग दादाकडे न बघता म्हणाली, "लॉज साडेआठला दार लावतं. बॅग उचला."

*

धाकटा काउंटरमागे उभा राहून सगळं ऐकत होता. म्हणजे खरं तर तो काउंटरमागे खाली बसला होता, पेन शोधायच्या निमित्ताने. पेन त्याच्या कानावरच होतं.

हा माणूस जन्मभर कोणाशी भांडला नव्हता. दोघं भांडत असतील तर तो दोघांनाही 'बरोबर आहे' म्हणायचा आणि तिसरं कोणी आलं की त्यालाही म्हणायचा. पण आता दादा बॅगेकडे वाकत होता. आज गप्प बसलो तर हा माणूस आपल्या चोरीपायी घराबाहेर जाणार, हे धाकट्याला कळत होतं.

"दादा, थांब," तो उठून म्हणाला. आवाज फारच बारीक निघाला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "थांब. किल्ली माझी आहे."

"तुझी?" अक्का.

"मी करून घेतली. चार वर्षं झाली."

आईने हातातला अभ्रा खाली ठेवला.

"असं झालं की," धाकट्याने सुरुवात केली, "एकदा सगळ्या खोल्या भरल्या होत्या. तू आत्याकडे गेली होतीस, अक्का. एक म्हातारं जोडपं दारात उभं. बाईंना धाप लागलेली. आता त्यांना काय सांगू, की खोली आहे पण नदी नाही? मी मागल्या खिडकीतून शिडी लावून आत शिरलो, कुलूप काढलं, किल्लीवाल्याकडून नवी किल्ली करून घेतली. म्हटलं, एक रात्र. एकाच रात्रीचा प्रश्न."

"आणि मग?"

"मग गर्दीच्या दिवसांत... अधूनमधून... द्यायला लागलो. तू मागच्या बाजूला असलीस की."

"चार वर्षं!" अक्काने कपाळावर हात मारला. "माझ्या नाकाखाली! आणि ताकास तूर लागू दिली नाहीस. अरे, मी रोज जिन्यातून येजा करते!"

"तू त्या दाराकडे बघतच नाहीस, अक्का. मान फिरवून जातेस. ते मला माहीत होतं." हे बोलल्यावर त्याला स्वतःलाच आपण फार शहाणं काहीतरी बोललो असं वाटलं आणि लगेच भीती वाटली.

"आणि नदी? नदी कुठली दाखवलीस? की नियमही विकून खाल्लास?"

"नाही, नाही! नियम मोडला नाही," धाकटा घाईने म्हणाला. "गिरणीमागे पाठवायचो. बोगद्यातलं पाणी कालव्यात पडतं तिथे. म्हणायचो, हीच मुकी. थाप मारली, कबूल आहे. पण किल्लीला दगड लावला, वहीसुद्धा ठेवली. सगळं रीतसर."

चोरी करायची आणि तीही नियमाला धरून, असा चोर याच घरात निपजू शकतो. पेंटर हॉलच्या दारात ब्रश घेऊन उभा राहिला होता. तो फस्सकन हसला आणि अक्काने बघितल्यावर ब्रशाकडे बघू लागला.

"म्हणजे दगड तू चोरलास," अक्का म्हणाली. "बाबांच्या खणातून."

"मी? देवाशपथ नाही! मी खडी लावली होती. इथलीच, अंगणातली, बांधकामाची. मग दोन वर्षांपूर्वी कधीतरी किल्ली परत आली तर तिला हा पांढरा दगड. मला वाटलं, पाहुण्याने गंमत केली असेल. छान दिसतोय म्हणून राहू दिला."

"छान दिसतोय म्हणून! मुकीचा दगड तुला ओळखू आला नाही?"

"मला दगडांतलं काय कळतंय?" धाकटा अगदी काकुळतीला आला. "खण मी उघडला नाही, अक्का. दादानेही उघडला नसेल. तो तर दोन वर्षांपूर्वी इथे आलाच नव्हता."

ते खरंच होतं. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, आणि दगड दोन वर्षांपूर्वीच किल्लीला आला होता. अक्काने दगड उचलून दोऱ्याची गाठ पाहिली. दुहेरी गाठ, वर एक उलटा फास, टोकं कातरलेली, बाकीच्या सात किल्ल्यांसारखीच. तिचा चेहरा बदलला.

*

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या धाकट्याच्या बायकोने तो चेहरा पाहिला. ती रंगाऱ्याची मुलगी, मुकीकाठची. तिकडची माणसं कमी बोलतात असं म्हणतात, आणि तिने लग्नानंतर बावीस वर्षांत ते खोटं ठरवलं नव्हतं. खोली चार वर्षं तिनेच झाडली होती. नवऱ्याला मदत म्हणून नव्हे. तिच्या माहेरच्या नदीच्या नावाची जगात तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती धुळीने भरलेली तिला बघवत नसे. आज सकाळी दादांसाठी खिडकी उघडली आणि किल्ली दारालाच विसरली, तीही तीच.

"अक्का," ती म्हणाली, "बाबा संध्याकाळी फिरायला कुठे जायचे?"

"बाजारापर्यंत. का?"

"बाजारात वाळू नाही. बाबांचे पायजमे मी धुवायची. खालच्या घडीत वाळू निघायची, पांढरी, बारीक. आमच्या अंगणात असायची ना, तसली. आता ती बोगद्यातून वाहत येते आणि फक्त गिरणीमागे साठते."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"मला कोणी विचारलं नाही." मग तिला वाटलं की हे तोडून बोलल्यासारखं झालं, म्हणून ती पुढे म्हणाली, "मला वाटायचं, त्यांना कोणाला सांगायचं असतं तर त्यांनी पायजमा झटकला नसता. झटकलेला असायचा. थोडी राहून जायची एवढंच."

दादाने बॅग खाली ठेवली होती. "बाबा कालव्यावर जायचे?"

"मी वही आणते," ती म्हणाली. "त्यात पाहुण्यांनी काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. वह्या अक्का वाचतात. मी नुसती पुसून ठेवायची."

ती जिना चढली, उतरली, आणि वही तिने दादाला दिली नाही, नवऱ्याला दिली नाही. अक्काच्या हातात ठेवली.

*

अक्काने उभ्यानेच पानं उलटली. आज रविवार होता. रविवारी दुपारी ती याच टेबलाशी बसून वह्या वाचायची, सातच्या सात. ही आठवी तिने कधी पाहिली नव्हती. पाणी थंड होतं, पाय बुडवले. गिरणीच्या भिंतीवर बगळा होता. उशी कडक आहे. आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचं एक अख्खं पान, भूगोल शिकवणाऱ्या कोणा बाईंच्या वळणदार अक्षरात.

"मोठ्याने वाच," आई म्हणाली.

अक्का वाचू लागली. "'नाव मुकी असलं तरी गिरणीमागे ती चांगलीच बडबडते. तिथे एक आजोबा पेपर अंथरून बसले होते. माझ्या हातातली किल्ली बघून म्हणाले, ही खडी आहे, बांधकामाची, हिने नदी कधी पाहिली? दुसऱ्या दिवशी पुन्हा या म्हणाले. गेले, तर त्यांनी खिशातून एक पांढरा दगड काढला आणि स्वतः किल्लीला बांधून दिला. मी विचारलं, ही खरंच मुकी आहे का? म्हणाले, पाणी तेच आहे. वाट बदलली. माझ्या मुलाने बदलली...'"

तिने ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. दादा टेबलाचा काठ धरून उभा होता. कोणीही तिला मदत केली नाही, आणि तिलाही ती नको होती.

"'म्हणाले, मी त्या गावांना जाऊन आलो. तिथे लोक हे पाणी पितात. एका बाईने मलाही तांब्याभर दिलं. मी म्हटलं, मग मुलाला हे सांगितलंत का? म्हणाले, कुलूप मी घातलं, आता कोणत्या तोंडाने काढू? मला नाही जमायचं. तुम्ही वहीत लिहा. माझी मुलगी दर रविवारी सगळ्या वह्या वाचते. हॉटेलातली टाचणी हलली तरी तिला कळतं. खोली तिच्याच परवानगीने उघडली असणार. ती वाचेल, आणि ती बोलावील त्याला.'"

वही मिटायचं तिला सुचलं नाही.

"एकदा तुमचे बाबा सकाळी गेले ते दिवेलागणीला आले," आई हळूच म्हणाली. "म्हणाले, बस चुकली. या वयात बसने कुठे गेला होतात, असं मी विचारलंच नाही. तुमच्या बापाला सगळं जमलं, खोल्यांना नद्यांची नावं देणं जमलं, हॉटेल बांधणं जमलं. चुकलो म्हणणं तेवढं जमलं नाही."

अक्काला ते ऐकूच आलं नाही. तिला ऐकू येत होता सोमवारचा चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज. काल वह्या वाचल्यास? काही विशेष? आणि तिचं उत्तर. काही नाही. जुळीची कडी. तांबडीचा नळ. काही नाही, बाबा. एक वर्षभर, दर सोमवारी, त्यांनी विचारलं होतं, आणि तिने सांगितलं होतं की काही नाही. त्यांना वाटलं असणार, हिने वाचलंय आणि हिला नको आहे. पोरीचं मन इतकं दगडाचं निघालं, असंच वाटलं असणार त्यांना. ती त्यांचा राग जिवापाड सांभाळत बसली होती, आणि त्यांच्याकडे तो उरलाच नव्हता.

"मी वाचलं नव्हतं," ती म्हणाली. कोणाला, ते तिलाच ठाऊक. "बाबा, मी वाचलं नव्हतं हो." आणि मग ती रडली. या घरात तिला रडताना कोणी पाहिलेलं नव्हतं. धाकटा इतका घाबरला की तोच आधी रडायला लागला.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणत होता. "वही मी लपवली. मी जर..."

"गप रे," दादा म्हणाला. "बाबांचं बोलणं वहीपर्यंत तरी तू पोचवलंस. मला साधा फोन करता आला नाही."

त्याने अक्काच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबवला. अकरा वर्षं मोठी असतात. तो बॅगेकडे वळला. "मी आज लॉजवरच जातो," तो म्हणाला. "तुला आज माझं तोंड दिसलं नाही तर बरं. उद्या बघू."

अक्काने डोळे पुसले. उशीच्या अभ्र्यानेच पुसले, आणि आईने तो नवा आहे असं म्हटलं नाही. ती काउंटरमागे गेली, धाकट्याला कोपराने बाजूला केलं आणि रजिस्टर उघडलं.

"इकडे ये," ती म्हणाली. "असा समोर उभा राहा. पाहुणे उभे राहतात तिथे."

दादा येऊन उभा राहिला. तिने त्याचं नाव लिहिलं. 'कुठून आलात' या रकान्यात त्याच्या शहराचं नाव लिहायला घेतलं आणि खोडलं. 'किती दिवस' हा रकाना तिने रिकामा ठेवला. मग किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, दगड वर येईल अशी, जशी ती गेली तीस वर्षं प्रत्येकाला देत आली होती, आणि त्याच ठरलेल्या आवाजात बोलू लागली.

"खोली मुकी. जिना चढून डावीकडे शेवटचं दार. नदी बघायची असेल तर दारातून बाहेर पडायचं, उजवीकडे वळायचं, गिरणी दिसली की..."

ती थांबली. गिरणी दिसली की काय? डावीकडे की उजवीकडे? भिंतीला दार होतं का? पायऱ्या होत्या? पांढरीचा रस्ता तिला पाठ होता, वाकडीची सगळी वळणं पाठ होती. मुकीच्या पाण्यापर्यंत ती अकरा वर्षांत एकदाही गेली नव्हती.

"अहो, पाटीवर काय लिहू शेवटी?" पेंटर दारातून म्हणाला. "उजेड चाललाय."

"मुकीच," अक्का म्हणाली. "आणि कुलूप राहणार नाही."

मग तिने आठवी वही काखेत घेतली, काउंटरची फळी उचलली आणि दादाच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"खोली द्यायची तर नदी दाखवायची," ती म्हणाली. "मला रस्ता माहीत नाही, दादा. तू दाखव."